दहा अंकी संख्येचे अवयव पाडताना

४२९४९६७२९७. म्हणजे २ चा बत्तिसावा घात, अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांच्या मालिकेतली ही पुढची: २ चा घात दर वेळी दुप्पट करायचा (१, २, ४, ८, १६, ३२) आणि १ मिळवायचा. तीही मूळच असणार असं फ्रेंच गणिती फर्माला १६४० मध्ये वाटलं होतं. ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव पाडून दाखवले. उत्तर मोबाइलवर क्षणात मिळतं. मला ते कागदावर काढायचं होतं, आणि बोरिवली-चर्चगेट स्लोमध्ये खिडकी मिळाली की वेळच वेळ.

सरधोपट रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागत सुटायचं. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर आणि तिथवर मूळ संख्या ६५४२. एवढे भागाकार निवृत्तीनंतरच करावेत.

ऑयलरचा नियम सांगतो, या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येणार. ६५, १२९, १९३, २५७ अशी यादी करायची आणि संयुक्त संख्या गाळायच्या. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... खरी अक्कल या गाळण्यात आहे, पुढचे भागाकार चौथीतलं पोरही करेल.

१९३ ला बाकी १०९. २५७ ला बाकी २, आणि ती न भागताही कळते: संख्येतून २ वजा करा, अ वर्ग वजा ब वर्गाचं सूत्र दोनदा लावा, २५७ आपोआप बाहेर पडतो. ४४९ आणि ५७७ नेही भाग जात नाही.

मग ६४१. ४२९४ मध्ये सहा वेळा, बाकी ४४८. वरचा ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा म्हणजे ४४८७, उरले २. पुढे भागाकारात दोन शून्यं, मग ४, मग १, आणि बाकी पुन्हा ४४८! या वेळी खाली आला ७. ४४८७. बरोब्बर सात वेळा. शेजारचे काका केव्हापासून वहीत डोकावत होते.

"जुळला का हो हिशेब?"

"जुळला."

दुसरा अवयव ६७००४१७. तो तरी मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. इथे लुकाने १८७८ मध्ये कडक केलेला नियम लावायचा: ६४ ऐवजी १२८ ची पट. तिथवर पाचच मूळ संख्या उरतात, त्यातली २५७ आधीच बाद. ६४१ ला बाकी ४४, ७६९ ला १२०, ११५३ ला ३३४, १४०९ ला ६२२. म्हणजे मूळच.

मालिकेतली पुढची संख्या वीस अंकी आहे. लँड्री यांनी १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचा २७४१७७ हा अवयव शोधला. तिला २५६ ची पट लागते, आणि यादीत २७४१७७ चा नंबर १०७१ वा. तेवढ्यासाठी दोनशेपानी वही आणली आहे.