नाडी पूर्ण एक मिनिट

गेल्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याचा विकार) शिकवताना मी ईसीजीच्या पट्ट्या बाजूला ठेवून आधी सर्वांना शेजाऱ्याची नाडी मोजायला लावली, तेव्हा बहुतेकांनी १५ सेकंदांत बोटे उचलून चारने गुणले. नाडी अनियमित असेल तर हा हिशेब फसतो. पूर्ण मिनिट द्यावेच लागते.

खरी चर्चा रंगली ती ‘छातीत धडधडतं’ म्हणणाऱ्या स्त्रियांवरून. त्यांच्या केसपेपरवर ‘टेन्शन’ लिहून मोकळे होण्याची सवय एकेकाळी मलाही होती. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, हृदयाला इजा करणारा ताप) हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या तरुण स्त्रिया आपल्याकडे अजूनही येतात, आणि त्यांच्यात ही लय बिघडलेली आढळली, तर पक्षाघाताच्या जोखमीचे गुण मोजत न बसता रक्त पातळ करणारे औषध सुरू करावे लागते. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या अशा रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या औषधापेक्षा वॉरफॅरिनच्या गटातील जुनी औषधेच सरस ठरली. मात्र ही जुनी औषधे घेताना आयएनआर (रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा आकडा) वारंवार तपासावा लागतो, आणि तालुक्याच्या लॅबपर्यंतचे एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी त्या स्वस्त गोळीच्या किमतीत कोणी धरत नाही. मागच्या बाकावरच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी सुचवले, की तपासणीची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशीचीच द्यावी.