पावलाचा कोन, क्लीट आणि उजवा गुडघा : आठवा आठवडा

काल तळजाई टेकडीवर १४ किमी पळून आले आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची कड दुखली नाही. घरी येऊन मुद्दाम तीन मजले जिना उतरून बघितला, तेव्हाही नाही. जूनमध्ये ६ किमीलाच तिथे सुई टोचल्यासारखं व्हायचं, आणि रविवारी पानशेत रोडला सायकल मारली की सोमवारचा रन गेलाच म्हणून समजा. त्यामुळे या आठ आठवड्यांत काय बदललं ते आज सविस्तर लिहितेय, आपल्यातले बरेच जण दोन्ही करतात आणि दुखणं पळण्याचं की सायकलचं यातच महिने जातात.

सुरुवात अशी झाली की मुलीने मोबाईलवर माझा पळतानाचा स्लो मोशन व्हिडिओ काढला, मागून. म्हणाली, आई तुझा उजवा पाय डाव्याच्या रस्त्यात येतोय. खरंच येत होता! उजवं पाऊल मधल्या रेषेच्याही पलीकडे पडत होतं. आणि दुसरं म्हणजे पाऊल सरळ पडावं म्हणून मी चवडा जोर लावून आत वळवत होते. लहानपणी आजी सारखी ओरडायची, फेंगडे पाय टाकू नकोस, ते अंगात इतकं मुरलंय की पळतानाही मी पाय सरळ करायच्या मागे.

मग पाऊल किती बाहेर वळतं तो कोन मोजला. गावच्या घरी शहाबादी फरशी आहे, तिच्यावर दोरा ताणून बांधला, तळवे ओले करून दोऱ्याच्या कडेने नेहमीसारखी चालत गेले आणि ठसे वाळायच्या आत खडूने टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत रेघा मारल्या. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला. पहिले दोन ठसे सोडून द्या, तेव्हा आपण पाय बघत चालतो. डावा साधारण ६ अंश बाहेर, उजवा १३. दोन्ही पाय सारखे नसतातच बहुतेकांचे, आणि पाऊल थोडं बाहेर वळलेलं असणं हेच मोठ्या माणसांत नॉर्मल आहे. हा कोन घोट्यातून ठरत नाही, नडगीच्या हाडाला जो पीळ असतो आणि खुब्याचा सांधा जसा बसलेला असतो त्यातून येतो, म्हणजे मोठेपणी मनाने ठरवून तो बदलत नाही. पाऊल जबरदस्तीने सरळ केलं तर वळायचं ते गुडघा वळतो, पाऊल नाही.

आता सायकल. इथे माझी मोठी चूक होती. शिमानोच्या रोड पेडलला तीन रंगांच्या क्लीट (बुटाच्या तळाला बसवायच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) येतात, पिवळ्या ६ अंश फ्लोटच्या, म्हणजे पाऊल तेवढं वळायची मोकळीक, निळ्या २ अंश, आणि लाल म्हणजे शून्य, पाय जरासुद्धा हलत नाही. ताकद वाया जात नाही असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी लाल घेतलेल्या आणि त्याही नाकासमोर सरळ बसवलेल्या. ८५ च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) तीन तास म्हणजे एका पायाचे १५ हजारांवर फेरे, प्रत्येक फेऱ्यात १३ अंश बाहेर राहू पाहणारं पाऊल सरळ दाबून धरलेलं. त्यात खुब्यापासून गुडघ्याच्या बाहेरून जाणारा तो जाड पट्टा, आयटी बँड, घासून निघाला तर नवल काय.

पिवळ्या आणल्या. टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे लोंबकळत सोडले, ते जसे लटकले तसा अंदाज घेऊन उजव्या बुटाची क्लीट वळवली. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो म्हणून नीट सांगते, पाऊल बाहेर वळायला हवं असेल तर क्लीटचं नाक बुटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याकडे फिरवायचं. मी पहिल्या दिवशी उलटं फिरवून खडकवासल्यापर्यंत गेले आणि चौपाटीवरूनच परत फिरले. जुन्या जागेची पेनाने खूण करून ठेवा, ४ एमएमची ॲलन की खिशात ठेवा, आणि एका वेळी एखादाच मिलिमीटर हलवा. पाऊल बाहेर वळलं की टाच आत येते, ती क्रँकला (पेडल धरणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना तेही बघा.

पळण्यात दोनच गोष्टी बदलल्या. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना पावलं टाकत पळायचं, पट्टा तुडवायचा नाही. सायकलवर पेडल दोन्ही पायांना आपोआप अंतर देतात, पळताना ते कुणी देत नाही. पावलं एकमेकांसमोर पडायला लागली की आयटी बँडवरचा ताण वाढतो, थोडी रुंद टाकली की कमी होतो, मला हा फरक तिसऱ्या दिवशीच जाणवला.

दुसरी गोष्ट पळण्याचा केडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं. माझा १६२ होता, तो हळूहळू १७० केला, म्हणजे ५ टक्के फक्त. १८० चा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो रनिंग कोच जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पावलं मोजली तिथून आलाय, ते सगळे रेसच्या वेगात पळत होते, माझ्या किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसला तो कशाला ओढायचा? पण सायकलवाल्यांना एक फायदा आहे बघा, पेडलचे ८५ फेरे म्हणजे दोन्ही पाय मिळून १७० पावलं! ताल पायात आधीच आहे. मी शेवटची दहा मिनिटं हलक्या गिअरवर ८५-८८ ने फिरवते आणि उतरल्या उतरल्या दोन किमी पळते. पहिला किलोमीटर मांड्या लाकडाच्या वाटतात, पण पावलं भरभर पडतात, आणि पाऊल शरीराच्या पुढे न पडता खालीच पडतं, ते मला कितीही सूचना देऊन जमलं नव्हतं.

चवड्यावर पडायचा प्रयत्न मात्र चौथ्या आठवड्यात सोडला. गुडघ्याचा भार कमी होतो तो पोटऱ्यांवर जातो, माझ्या दोन्ही पोटऱ्या चार दिवस दगड झाल्या होत्या. आता टाच आधी टेकते की चवडा इकडे मी लक्षच देत नाही.

उजव्याच गुडघ्याच्या दुखण्याबद्दल अजून एक शंका आहे. मी नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेने पळते, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, आणि रस्ता कडेला उतरता असल्याने उजवा पाय रोज खालच्या अंगाला पडतो. म्हणून पुढचे दोन आठवडे सगळे रन टेकडीवरच्या मातीत, क्लीटला हात न लावता, आणि मग पुन्हा फरशीवर ओले पाय.