साडेतीनशे सीसीच्या टूरिंग गाडीला मागचे शॉकअप निवडताना

मागचे शॉकअप बदलायचे म्हटलं की पहिली चर्चा कंपनीची होते. वायएसएस घ्यायचे, हॅगन मागवायचे, की एकदाच खर्च करून ओहलिन्स? मी क्रम उलटा धरला आणि तोच सुचवीन. आधी गाडीवर खरोखर किती वजन पडतं ते, मग स्प्रिंग, मग लांबी आणि बुशचं माप, मग आतलं तेल-गॅसचं काम. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. स्प्रिंग चुकली तर ओहलिन्ससुद्धा पैसे पाण्यात.

गाडी दोन शॉकअपवाली, ३५० सीसीची, टाकी भरून १९० किलोच्या आसपास. मागच्या चाकाची चाल, म्हणजे वर-खाली सरकायची जागा, १०० मिमी. आठवडाभर एकट्याने गाव ते तालुका, आणि सवड मिळाली की डबल सीट, दोन्ही बाजूंना बॅगा लावून चिखलदरा, लोणार, नाहीतर आलापल्लीवरून भामरागड. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, म्हणून लांबचा पल्लाही जुन्या रस्त्यांनीच मारावा लागतो. सगळी अडचण या मिश्र वापरात आहे. एकट्यासाठी जमलेली स्प्रिंग डबल सीटला तळ गाठते, आणि डबल सीटसाठी घेतलेली एकट्याला कमरेत ठोके देते.

त्यात आपले रस्ते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही पावसाळ्यांत लांबलांब लाटांचा होतो. त्यावर गाडी झुलते. नव्या सिमेंट रोडवर उलट त्रास. तिथे साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो, म्हणजे ८० च्या वेगाने सेकंदाला जवळपास पाच बारीक ठोके. शॉकअपला झुलणंही थांबवायचं असतं आणि हे ठोकेही गिळायचे असतात.

शॉकअपला दोष देण्याआधी मी बाकीच्या गोष्टी तपासून घेतल्या. टायरमध्ये डबल सीटची हवा आहे का? मेन स्टँडवर मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं तर खटखट येते का? येत असेल तर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय, नव्या शॉकअपने ते झाकलं जाणार नाही. जुन्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओला थर, त्यावर धूळ चिकटलेली, असं दिसलं तर मात्र सील गेलं समजा.

मग मोजमाप. याला टेप, चिकटपट्टी आणि एक मदतनीस पुरतो. मेन स्टँडवर चाक अधांतरी ठेवून एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीची खूण केली. अंतर ५४५ मिमी. गाडी जमिनीवर, रिकामी: ५३३. मी हेल्मेट-जॅकेटसह (६६ किलो) बसल्यावर: ५१८. मागे माणूस आणि बॅगा मिळून आणखी ८० किलो: ४९०. जुन्या शॉकअपमध्ये घर्षण असतं, त्यामुळे प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. सीट खाली दाबून हळूच सोडल्यावर एकदा, मागून उचलून हळूच सोडल्यावर एकदा, आणि दोन्हींची सरासरी धरायची.

म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १२ मिमी बसते, एकट्याने २७ आणि पूर्ण वजनाने ५५. चालीच्या पाव ते एक तृतीयांश बसली तर ठीक, इथे २५ ते ३३ मिमी. एकट्यासाठी गाडी बरोबर आहे. डबल सीटला अर्ध्याहून जास्त चाल उभ्या जागीच खर्च होते, मग पहिल्याच ब्रेकरला दणका बसतो त्यात नवल नाही.

आता वजन. बाथरूमचा काटा इथे कमी पडतो, धर्मकाट्याला किलो-दोन किलोचा फरक कळत नाही. कामाचा तो अडत्याकडचा पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा, ३०० किलोवाला. मागचं चाक पत्र्याच्या मधोमध, आणि पुढचं चाक काट्याच्याच उंचीच्या फळीवर. गाडी सपाट राहिली नाही तर वजन मागे-पुढे सरकतं आणि आकडा खोटा येतो. एकाने पुढून हँडल धरायचं, बसणाऱ्यांनी पाय फूटरेस्टवर ठेवायचे. सोयाबीनच्या आवकेत हा काटा क्षणभर रिकामा नसतो, तेव्हा जायचंच नाही. त्या ८० किलोंपैकी ७२ किलो मागच्या चाकावर आले. मागे बसणारा आणि बॅगा जवळपास एक्सलवरच असतात, त्यामुळे हे असंच यायला हवं.

७२ किलोला गाडी २८ मिमी बसली, म्हणजे चाकाशी मिलिमीटरला सुमारे २५ न्यूटन. पण शॉकअप तिरपा असतो. चाक १० मिमी वर गेलं तर माझ्या गाडीत तो ९ मिमीच दबतो. हे कळायला वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर चाक अधांतरी असताना आणि पूर्ण वजनावर असताना मोजायचं. चाक ५५ मिमी सरकलं तिथे शॉकअप ५० ला किंचित कमी आखडला. म्हणून २५ ला दोन शॉकअपचे २ आणि ०.९ दोनदा, असं भागायचं. उत्तर साडेपंधरा न्यूटन प्रति मिमी, ही जुनी स्प्रिंग.

नवीन २० ची घेतली तर तेच ७२ किलो गाडीला २२ मिमी बसवतात. एकट्याला २५ मिमी बसेल अशी लावली तर डबल सीटला ४७ होते, आणि ती ३५ वर आणायला शॉकअपच्या रिंगवर ११ मिमी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच तेवढी दाबून ठेवणं, लागतो. आटेवाल्या रिंगमध्ये तेवढी जागा मिळते. जुन्या स्प्रिंगला हेच करायला १८ मिमी लागले असते, ते कारखान्याच्या खाचांच्या रिंगमध्ये नाहीत. २४ ची घेतली असती तर डबल सीट आणखी आवरली असती, पण एकट्याने सिमेंट रोडवर दात वाजले असते. आठवड्यातले बहुतेक दिवस एकट्याचे, म्हणून २० वर थांबलो.

इथेच गॅरेजवाल्याचं "टाइट करून देतो ना भाऊ, काहीच होत नाही" येतं. स्प्रिंगखाली वायसर किंवा पाइपचा तुकडा टाकला की गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. ७२ किलोला ती तेवढीच २८ मिमी बसणार, फक्त वरून सुरुवात करून. शिवाय वायसर जास्त झाले तर चाल संपायच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात आणि दणका सरळ चेसिसच्या ब्रॅकेटवर जातो. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग मिश्र वापराला चांगली म्हणतात. मी टाळली, कारण विकणारा तिचा एकच आकडा सांगू शकत नाही आणि मग वरचा हिशेब लावायचा कशाला?

मापं घ्यायला एका वेळी एकच बाजू काढायची, दुसरी बाजू स्विंगआर्म धरून ठेवते. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत लांबी, बुशचं आतलं भोक आणि रुंदी व्हर्नियरने, आणि खाली डोळा (गोल भोक) आहे की चिमटा (दोन पाती), हे लिहून ठेवा. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. लांबी मूळचीच ठेवा. १० मिमी लांब घेतला तर मागून गाडी उचलते, हँडल चपळ होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकू शकतं. आखूड घेतला तर वळणावर फूटरेस्ट लवकर घासतो.

आत काय आहे हे पुढचं. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि गॅस एकाच नळीत असतात. भरल्या गाडीने तुटक्या रस्त्यावर बराच वेळ चाललं की दोन्ही घुसळून फेस होतो, तेलही तापून पातळ होतं आणि शॉकअप नुसत्या स्प्रिंगसारखा वागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे सुरुवातच तापलेली. नायट्रोजन वेगळा ठेवणारा, मध्ये सरकता पिस्टन असलेला शॉकअप हे बरंच टाळतो. त्यासाठी बाहेरची बाटली (शॉकअपला जोडलेली तेल-गॅसची वेगळी नळी) असलीच पाहिजे असं नाही. ६०-८० ने चालणाऱ्या साडेतीनशेला बाटलीविना चांगला गॅस शॉकअप पुरतो. बाटली बॅगेच्या स्टेला अडते, आणि स्वस्तातल्या कित्येक शॉकअपवर ती नुसती शोभेची, आतून बंद असते.

विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. माझ्या वजनाला स्प्रिंग बदलून मिळेल का? हा शॉकअप उघडून सील बदलता येतो का? आणि ते काम कुठे होतं? खेड्यात राहणाऱ्यासाठी तिसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा. टायरवाल्याकडचा नायट्रोजन या कामाचा नाही. त्याचं यंत्र टायरच्या दाबापुरतं असतं, शॉकअपला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. आणि भरलेला शॉकअप खोलायला किंवा ड्रिल मारायला कुणालाही देऊ नका, दाबाने तुकडा उडतो.

बसवताना चाकाखाली फळ्या सारून उंची जुळवली की बोल्ट हातानेच सरकतो. हातोडी लागत असेल तर उंची चुकतेय. रबरी बुश असेल तर नट आधी अर्धवट आवळून, गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचा आवळा द्यायचा. अधांतरी आवळलं तर गाडी बसताना रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. आवळा सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याने, टॉर्क पान्याने. चेनकडच्या बाजूला नवी जाड स्प्रिंग चेनकव्हरला घासते का हे पाहायला मधे कणकेची गोळी चिकटवली आणि दोघे जोरात बसलो. गोळी चपटी झाली पण आरपार फाटली नाही, म्हणजे जागा आहे. नंतर चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहायचा आणि हेडलाइट थोडा वर घ्यायचा, कारण डबल सीटलाही गाडी आता पहिल्यासारखी मागे बसत नाही.

सेटिंगमध्ये आधी रिंगने बसण्याचं माप, मगच रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप परत उलगडायचा वेग आवरणारा, स्क्रू. तो पूर्ण बंद करून तिथून बाहेर क्लिक मोजायचे, दोन्ही बाजूंना सारखे. सीट दाबून सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. पुन्हा खाली-वर करत असेल तर रिबाउंड कमी आहे, काळ्या मातीच्या रस्त्यावरचं झुलणं तेच.

पण लोक फसतात ते उलट्या टोकाला. रिबाउंड जास्त आवळला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. प्रत्येक खड्ड्याला गाडी थोडी आणखी दबून राहते, आणि आठ-दहा खड्ड्यांत चाल संपते. बसणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे, मग तो मऊ स्प्रिंग शोधायला निघतो. ओळखायची खूण अशी: पहिला खड्डा बरा, पाचवा वाईट, सातवा असह्य. मग एकेक क्लिक उघडत जायचं, एका वेळी एकच, त्याच रस्त्यावर. स्प्रिंग खरंच कडक असेल तर पहिलाच खड्डा वाईट लागतो.

दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर बारीक केबल टाय सैल बांधा. फेरीनंतर तो जिथे सरकलेला असतो तेवढी चाल वापरली गेली. शेवटच्या रबरापासून ५ ते १० मिमी अलीकडे थांबला तर उत्तम. प्रत्येक वेळी रबराला जाऊन भिडत असेल तर प्रीलोड वाढवून पाहा, तरी भिडला तर स्प्रिंग कमी पडतेय.

देखभालीत काळा चिखल सगळ्यात वाईट. वाळला की दांड्यावर घट्ट बसतो आणि पुढच्या फेरीत सीलखाली ओढला जाऊन क्रोमवर ओरखडे पाडतो. तिथूनच तेल गळायला लागतं. ओला असतानाच साध्या पाण्याने, फडक्याने काढा, प्रेशरचा फवारा सीलवर धरू नका. रिंगच्या आट्यांतली माती जुन्या टूथब्रशने काढून मगच हुक पाना लावा, नाहीतर अॅल्युमिनियमचे आटे फाटतात.