सुकतीत अडकलो

आज सुकतीत, म्हणजे ओहोटीत, जवळपास पावणेचार तास खाडीच्या मधोमध वाळूवर बसून काढले, आणि चूक पूर्णपणे माझी. मामा काही बोलला नाही हेच जास्त लागलं.

सकाळी आठला मालवणजवळच्या देवबागहून निघालो, मामाची फायबरची छोटी होडी, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं मशीन, मी आणि तो दोघंच. मामाचं घर कर्ली नदीच्या काठावर, म्हणजे मागच्या दारी नदी आणि पुढे चालत गेलं की पाचेक मिनिटांत समुद्र. संगमाकडे जायचंच नव्हतं, तिथल्या त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटावर आज शनिवारची पर्यटकांची जत्रा असणार, म्हणून उलटं वर, नेरूरपारच्या पुलाच्या दिशेने. निघताना मामाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं होतं, आज द्वादशी, अकरा वाजता परत फिरूक व्हया. मी फोनमध्ये हवामान बघितलेलं, ऊन, वारा कमी, झालं की, अजून काय बघायचं.

जाताना मजाच होती कारण भरती आपल्यासोबत वर चाललेली, मशीन अगदी हळू ठेवलं तरी होडी सरकत होती. दोन्ही बाजूंना कांदळवन, मधेच चिपीची झाडं, पाण्याबाहेर टोकदार मुळं काढून उभी. (पांढरी चिपी 2020 पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, आणि गंमत म्हणजे पलीकडे विमानतळाच्या गावाचं नावपण चिपी.) एका फांदीवर खंड्या बसलेला, त्याचा फोटो काढायला मी मशीन बंद करायला लावलं, मग घावणे आणि सुकटीची चटणी खाल्ली, मग अजून एक खंड्या, मग मी म्हटलं त्या वळणापर्यंत जाऊया ना, असं करत साडेबारा वाजले. मामा दोनदा पाण्याकडे बघून गप्प बसला.

परत येताना पाणी इतकं पटापट उतरत होतं की काठावरच्या चिखलाचा ओला पट्टा डोळ्यांदेखत रुंद होत होता. मामा पुढे बांबू घेऊन उभा, टोचून टोचून बघत, मी मशीनवर. जिथे पाणी बारीक बारीक चुरगळल्यासारखं दिसतं तिथे जायचं नाही, हे त्याने मला लहानपणी शिकवलेलं, आणि मी नेमका फोन खिशात घालताना तिथेच गेलो. सव्वाला खर्र असा आवाज. मामाने झटकन मशीन उचलायला लावलं, पंखा वाचला, होडी बसली ती बसलीच. दोघांनी उतरून ढकललं, पाणी घोट्याच्या जरा वर, होडी इंचभर हलेना.

"पाणी येतला मगे जातलंव, घाई कशाक?" एवढंच बोलला. मग हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, बाराचे नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती, सहा तासांनी तीनला पूर्ण सुकती, अर्धा तास इकडेतिकडे. आपण सव्वाला टेकलो, तीनच्या आधी पावणेदोन तास, म्हणजे तीननंतर पावणेदोन तासांनी तेवढंच पाणी परत. पावणेपाच. शाळेच्या भूगोलात हे होतं बहुतेक, पण तेव्हा मार्कांपुरतं.

दोनच्या पुढे तर सगळी वाळू उघडी पडली, होडी एका कुशीवर कलंडून, आणि आजूबाजूला करंगळीच्या नखाएवढे खेकडे बाहेर आले, एकच नांगी मोठी, ती वर-खाली, वर-खाली, कोणाला बोलावतायत की हाकलतायत कळत नव्हतं. मी हललो की शंभर एकदम बिळात. न हलता मिनिटभर बसलं की आधी डोळे, मग नांगी, मग पूर्ण. फोनची बॅटरी तोवर संपलेली, त्यामुळे याचा एकही फोटो नाही. मामा तिकडे पायाने वाळू चाचपत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होता, होडीतलं पाणी उपसायचं डबडं भरलं त्याने.

पावणेपाचला होडी हलली पण सुटली नाही, वर खाडीत पाणी जरा उशिरानेच पोचतं म्हणे. पाचला एक हिसका आणि मोकळी.

घरी पोचेपर्यंत पूर्वेला चंद्र बऱ्यापैकी वर. मामी दारातच, "इतको उशीर कसो झालो?" मामाने माझ्याकडे न बघता डबडं पुढे केलं, तिसऱ्या काढत होतो म्हणाला. पाय लालबुंद झालेत माझे, खोबरेल चोपडून बसलोय. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्यात वाळू सोडायला, उद्या दुपारी कालवण.