इको-हिस्टरी आणि आजीच्या ओटीतले खडे

लग्नाकार्यात कुणी "काय करतेस गं सध्या" विचारलं की मी "एम.ए. इकॉनॉमिक्स" एवढंच सांगते आणि पाणी प्यायला उठते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला, बी.ए.ला काय होतं? आणि मग "इको-हिस्टरी, थ्री-थ्री" म्हटलं की समोरच्या काकूंचा चेहरा कसा होतो ते मला आता पाठ झालंय. इको ठीक आहे, बँकेत वगैरे लागेल पोरगी, पण हिस्टरी कशाला?

थ्री-थ्री म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या बॅचला टीवायबीएला सहा पेपर असायचे, सगळे एकाच विषयाचे घ्या नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. आता नवीन धोरणात मेजर-मायनर काय काय आलंय, त्यात मी पडत नाही. मी थ्री-थ्री घेतलं ते काही फार विचार करून नाही, खरं सांगायचं तर गणिताची धास्ती होती आणि हिस्टरीला मार्क बरे पडायचे. कॉलेजात (नाव नको) असं कॉम्बिनेशन घेणारी आम्ही चौघंच, त्यामुळे टाइमटेबल करणाऱ्यांच्या आम्ही खिजगणतीतच नव्हतो. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर मायक्रो इकॉनॉमिक्स आणि चौथ्या मजल्यावर आधुनिक भारत, दोन्ही एकाच वेळी. मग एक मंगळवार हा, पुढचा तो, आणि जे बुडलं ते झेरॉक्सवाल्याकडून.

तर त्या वर्षी मायक्रोच्या मॅडम मॉरल हॅझर्ड शिकवत होत्या. उदाहरण गाडीच्या इन्शुरन्सचं. विमा काढला की माणूस गाडी जपायचं सोडतो, कारण नुकसान झालं तरी भरणारा दुसराच आहे. आमच्याकडे गाडी नाही, कोपरीत गाडी घेतली तरी लावायची कुठे हा वेगळा प्रश्न, त्यामुळे मी व्याख्या पाठ केली आणि विषय संपवला. आणि त्याच पंधरवड्यात चौथ्या मजल्यावर सरांनी रेल्वे काढली.

आता ठाण्याच्या पोरांना १६ एप्रिल १८५३ कुणी काय सांगायचं? बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, सगळं शाळेपासून तोंडपाठ. पण त्या गाडीला पैसा कुणी लावला आणि कुठल्या बोलीवर लावला हे शाळेत कुणी बोललंच नव्हतं. ही गाडी काढणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा करार १८४९ चा. शेअरहोल्डर इंग्लंडातले, त्यांना ५ टक्के परतावा पक्का, कंपनीची कमाई तेवढी झाली नाही तर उरलेले पैसे हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचे, वर जमीनही सरकारनंच द्यायची, फुकट. म्हणजे धोका कुणाचा? तर शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्यांचा. मग कंपनीनं खर्चात हात आखडायचं कारण काय? विल्यम मॅसी म्हणून इथल्या सरकारचे फायनान्सवाले होते, त्यांनी नंतर पार्लमेंटच्या कमिटीसमोर स्पष्टच सांगितलं की ५ टक्क्यांची हमी आहे म्हटल्यावर त्या भांडवलदाराला आपले पैसे हुगळीत फेकले काय आणि त्याच्या विटा झाल्या काय, सारखंच.

मी बेंचवर सरळ बसले. अरे हे तर दुसऱ्या मजल्यावरचंच चाललंय! गाडी न जपणारा तो माणूस म्हणजे ही रेल्वे कंपनी. तास संपल्यावर सरांना सांगायला गेले तर ते म्हणाले "कसला हॅझर्ड?" आणि मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या "छान आहे, पण परीक्षेत इन्शुरन्सचंच लिही." दोघं एकाच कँटीनमध्ये चहा प्यायचे हो, पण मला नाही वाटत कधी ह्या विषयावर बोलले असतील.

ह्या रेल्वेवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी राडा होतो. काका म्हणतात इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून आज तू ठाण्याहून कुर्ल्याला जातेस, चुलतभाऊ म्हणतो दिली कसली, माल उचलून न्यायला आणली. मी पूर्वी भावाच्या बाजूनं होते. नंतर एम.ए.ला डेव्ह डोनाल्डसन ह्या अर्थशास्त्रज्ञाचं काम वाचलं, २०१८ ला छापून आलेलं, आणि जरा गप्प झाले. त्याचा प्रश्न असा की रेल्वेमुळे माल नेणं नेमकं किती स्वस्त झालं हे आज बसून मोजायचं कसं, आणि त्यानं त्यासाठी काय धरलं असेल? मीठ! मीठ ठरावीक जागीच तयार व्हायचं आणि कुठलं मीठ कुठून आलंय हे त्याच्या नावावरून कळायचं. म्हणजे एकाच जातीच्या मिठाचा तयार होतो तिथला भाव आणि लांबच्या एखाद्या जिल्ह्यातला भाव, ह्यातला फरक काढला की वाहतुकीचा खर्च हातात येतो. रेल्वे पोचली की तो फरक खाली येतो. आणि जिथे रेल्वे पोचली त्या जिल्ह्यांत शेतीचं खरं उत्पन्न त्याच्या हिशेबानं साधारण १६ टक्क्यांनी वाढलं. १६ टक्के म्हणजे काही कमी नाही. तर करार लुटीचा होता आणि रेल्वे कामाची होती, दोन्ही एकदम. हे मी ग्रुपवर व्यवस्थित मोठं लिहून टाकलं, काकांनी थम्स-अप टाकला, भावानं दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, विषय बंद.

पण मीठ माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमची आजी मिठागरातली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं ती भांडुपच्या बाजूला मिठागरात कामाला जायची. ईस्टर्न एक्सप्रेसवरून बस जाते तेव्हा मुलुंड-भांडुपकडे ती चौकोनी तळी दिसतात ना, तीच. मी तिला सांगितलं की आजी, मी मिठाचा अभ्यास करतेय, तर म्हणाली, "मिठान काय शिकाचा गो?"

पुढे पब्लिक फायनान्सला रॅमसेचा नियम आला. कालिन्याला युनिव्हर्सिटीतला तो दुपारचा तास, पंखा फुल स्पीडवर, अर्धा वर्ग जेवून पेंगत होता आणि बोर्डावर लॅग्रांज (अटी पाळून कमीत कमी-जास्तीत जास्त काढायची गणिती रीत). गणित बाजूला ठेवलं तर नियम साधा आहे: सरकारला ठरावीक रक्कम उभी करायचीच असेल तर ज्या वस्तूची मागणी भाव वाढला तरी फारशी हलत नाही तिच्यावर कर जास्त लावा, म्हणजे लोकांची खरेदी कमीत कमी बिघडते, एकूण नुकसान कमी. आणि भाव वाढला तरी मागणी हलत नाही ह्याचं आपल्या बारावीच्या गाइडमधलं पहिलं उदाहरण कुठलं? मीठ. मी वहीत ते गणित दोनदा करून बघितलं. म्हणजे ह्या नियमानुसार मिठावरचा कर हा जवळजवळ आदर्श कर!

फ्रँक रॅमसेनं हे १९२७ ला लिहिलं. माणूस भन्नाट हुशार, १९ जानेवारी १९३० ला गेला तेव्हा फक्त २६ वर्षांचा. आणि तो गेल्यावर दोन महिने व्हायच्या आत, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. आपल्या वडाळ्याच्या मिठागरांवर त्याच उन्हाळ्यात लोक धावून गेले, लाठ्या खाल्ल्या. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळतं, पण वहीत एका पानावर लॅग्रांज आणि समोरच्या पानावर वडाळा असं लिहून ठेवलंय मी.

मग गणित चुकलं कुठे? इथे मला चौथ्या मजल्याचा उपयोग झाला. मिठावरचा कर १८८२ मध्ये मणाला २ रुपये होता, १८८८ ला तो अडीच रुपये केला (मण म्हणजे साधारण ३७ किलो). नामदार गोखल्यांनी १९०२ ला बजेटवर पहिलं भाषण केलं त्यात हा कर कमी करा म्हणून धरून बसले, आणि त्यांचा मुद्दा काय, तर कर वाढल्यापासून लोक मीठ कमी खायला लागलेत, गरिबाला जेवढं लागतं तेवढंही मिळत नाही. म्हणजे ज्याची मागणी हलत नाही म्हणून आपण पेपरात लिहितो, ती तळातल्या माणसाची हलत होती. तुमच्या-माझ्या घरात मीठ महागलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण ज्याच्या ताटात भात आणि मीठ एवढंच आहे तो मिठातच कपात करणार, दुसरीकडे कुठे करेल? पुढे कर १९०३ ला २ रुपये, १९०५ ला दीड आणि १९०७ ला १ रुपयावर आला. आणि रॅमसेच्या गणितात चूक नाहीये, त्यात माणूसच एक आहे. सगळा देश म्हणजे एकच गिऱ्हाईक असं धरलंय. श्रीमंत-गरीब असा भेद घातला की उत्तर बदलतं, ते डायमंड आणि मिर्लीस ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवलं. पण गोखले त्याच्या सत्तर वर्षं आधी कौन्सिलात उभे राहून तेच बोलत होते, फक्त समीकरणाशिवाय.

आता मला जे ज्युनिअर मेसेज करतात की ताई, दोन्ही घेऊ का, त्यांना सांगते, घ्या, पण गणिताला घाबरून घेऊ नका जसं मी घेतलं. हिस्टरी घेतल्यानं गणित टळत नाही, ते एम.ए.च्या दारात उभंच असतं, मी पहिलं सेमिस्टर डिफरन्सिएशनचे यूट्यूब बघत काढलंय, रात्री एक-एक वाजेपर्यंत, आई म्हणायची बारावीला एवढं केलं असतंस तर. आणि उलटंही आहे, नुसतं इको केलेली माझी एक मैत्रीण मॉडेल असं सोडवते की बघत राहावं, पण तिला विचारलं की १८६५ ला मुंबईत शेअर का कोसळले तर ती म्हणते कुठलं मॉडेल? (अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचा भाव पडला आणि समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांवर उभा असलेला सगळा डोलारा १ जुलैला खाली आला. ह्यावर एक वेगळी पोस्ट लिहायचीय.)

स्कोप काय म्हणाल तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये इकॉनॉमिक हिस्टरीचं स्वतंत्र डिपार्टमेंट आहे. आणि बाहेर कशाला जायचं, बाबासाहेबांनी कोलंबियात १९१५ ला एम.ए.साठी काय लिहिलं? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि फायनान्स. लंडनला १९२३ ची डी.एस्सी. कशावर? रुपयाच्या प्रश्नावर, त्यातही आधी चलनाचा इतिहास आणि मग थिअरी. काकूंना हे सांगितलं की निदान त्या विषय बदलतात.

२०२३ चं इकॉनॉमिक्सचं नोबेल क्लॉडिया गोल्डिनना मिळालं, त्या इकॉनॉमिक हिस्टरीवाल्याच. त्यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी उपसून दाखवलं की बायकांचं कामाला जाणं सरळ वाढत नाही, शेतीतून कारखान्याकडे जाताना ते आधी खाली जातं आणि मग वर येतं, यू आकारात. मी हे वाचलं तेव्हा ट्रेनमध्ये होते, चौथ्या सीटवर, अर्धी बाहेर. आमच्या घरातच हे आहे की! आजी मिठागरात, आई आयुष्यभर घरात, आणि मी सकाळची धक्के खात कुर्ल्याला. फक्त गोल्डिननी जुन्या नोंदीत शेतावरच्या, दुकानातल्या, न लिहिलेल्या बायका शोधून काढल्या, आणि आजी कुठल्या कागदावर असेल देव जाणे.

म्हणून दिवाळीत एक दिवस फोनचं रेकॉर्डर चालू करून तिच्यासमोर बसले. आधी ती फोनकडे बघून पदर नीट करत होती, मग सुरू झाली. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात, उन्हानं आटत आटत शेवटच्या तळ्यात मीठ धरतं. मग लांब दांड्याच्या फळीनं ते ओढून काठावर आणायचं आणि पाणी निथळलं की टोपली भरून डोक्यावरून राशीपर्यंत. टोपलीतून खारं पाणी मानेवर गळायचं. टाचांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत परत तेच पाणी. पावसाळा आला की काम बंद.

मी विचारलं पैसे कसे मिळायचे, दिवसावर का? तर नाही, टोपलीवर. मुकादम वहीत काड्या मारायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मग खात्री कशी करायची? तर म्हणाली, ती काठावरचे खडे गोळा करून ठेवायची आणि एक टोपली टाकली की एक खडा ओटीत. संध्याकाळी वहीत किती आणि ओटीत किती.

"मग जुळायचं का?"

ती हसली. "कवातरी."

आणि मग मलाच विचारलं, आता मीठ काय किलो आहे. मला सांगता येईना. आईनं आतून ओरडून सांगितलं, पिशवीवर लिहिलंय बघ.