चार पानांत बसवायची गोष्ट

"बाई, माझ्या गोष्टीत सहा प्रसंग आहेत आणि यात चारच पाने आहेत," अशी तक्रार घेऊन तिसरीतला एक मुलगा टॅबलेट छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आला. आज्ञांचे ठोकळे जोडून पडद्यावरच्या पात्रांना हलवता-बोलवता येईल अशा स्क्रॅचज्युनियर या मोफत अ‍ॅपमध्ये एका प्रकल्पाला चारपेक्षा जास्त पाने घेता येत नाहीत, हे मला ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर मी या तक्रारीची वाटच पाहत होते. त्याची गोष्ट एका कासवाची होती. कासव घरातून निघते, वाट चुकते, पाऊस येतो, रात्र होते, तळ्याकाठी बेडूक भेटतो आणि शेवटी कासव घरी परत येते. यातले कोणते दोन प्रसंग गाळले तरी गोष्ट कळेल, हे शेजारच्या मुलीला विचारून ये, एवढेच मी त्याला सांगितले.

पुढची पंधरा मिनिटे त्या दोघांचे चांगलेच वाजले. पावसाचे पान काढून टाकावे, असे तिचे म्हणणे होते, कारण पावसामुळे गोष्टीत काहीच घडत नव्हते. पाऊस पडला म्हणूनच तर वाट चुकली, असे त्याने जोरात सांगितले. त्यावर तिने शांतपणे दाखवून दिले की त्याच्या पानांवर कासव आधी चुकते आणि पाऊस नंतर येतो. मुलगा क्षणभर गप्प झाला, मग त्याने पाऊस आणि वाट चुकणे एकाच पानावर आणले, तळ्यामागचे आकाश काळे करून रात्र आणि बेडूक यांचीही सोय एकत्र लावली, आणि सहा प्रसंगांची चार पाने झाली. कार्यकारणभाव हा शब्द त्या दोघांपैकी कोणालाही माहीत नव्हता. मी मात्र ‘प्रसंगांचा क्रम लावा’ हा प्रश्न कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले होते आणि त्यावर असे भांडण एकदाही ऐकले नव्हते.

या प्रसंगानंतर मोफत साधनांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. पूर्वी एखादे नवे साधन हाती आले की त्यात काय काय करता येते याची मी यादी करीत असे. आता त्यात काय करता येत नाही, हे मी आधी पाहते. स्क्रॅचज्युनियर २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तयार झाले आणि वाचता न येणाऱ्या मुलालाही वापरता यावे म्हणून त्यातील आज्ञांच्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे आहेत. आमच्या तिसरीतील मुले या वयोगटाच्या थोडी पुढे गेलेली असली तरी मी मुद्दाम तेच वापरते, कारण त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही आणि आवाज भरण्याची सोय असल्यामुळे ज्याचे लेखन कच्चे आहे त्यालाही आपली गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगता येते.

याचे थोरले भावंड म्हणजे स्क्रॅच. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याचा अपेक्षित वयोगट आठ ते सोळा आहे. त्याची पाळेमुळे १९६७ मध्ये जन्मलेल्या लोगो या संगणकभाषेपर्यंत जातात. लोगोच्या जनकांपैकी एक असलेल्या सीमोर पॅपर्ट यांचा आग्रह होता की साधनात शिरणे सोपे असावे आणि शिरल्यावर दूरवर जायला वाव असावा. रेझनिक यांनी त्यात भर घातली की एकाच साधनातून निरनिराळ्या मुलांना निरनिराळ्या वाटांनी जाता आले पाहिजे. मला ही तिसरी कसोटी सर्वांत कडक वाटते, कारण बाजारातील बहुतेक ‘शैक्षणिक’ साधने तिच्यावरच नापास होतात. चौथीच्या वर्गात स्क्रॅच वापरताना एक अनपेक्षित लाभही झाला. त्यातील रंगमंचाच्या, म्हणजे पात्रे हलतात त्या चौकटीच्या, मध्यभागी शून्य असते, उजवीकडे २४० पर्यंत आणि डावीकडे उणे २४० पर्यंत अंक जातात. स्क्रॅचमध्ये सुरुवातीलाच दिसणाऱ्या मांजराला डावीकडच्या कोपऱ्यात पाठवण्याच्या खटपटीत मुले ऋण संख्यांना इतक्या सहजपणे भेटली की पुढे त्या पुस्तकात येतील तेव्हा त्यांची भीती वाटण्याचे काही कारण उरणार नाही.

आता माझी फसलेली गोष्ट सांगते. पोस्टर आणि पत्रके करण्याच्या एका लोकप्रिय मोफत संकेतस्थळावर मी मुलांकडून ‘पाणी वाचवा’ या विषयावर पोस्टर करून घेतली होती. निकाल इतका देखणा होता की मुख्याध्यापकांनी ती सगळी पोस्टर व्हरांड्यात लावण्यास सांगितले आणि व्हरांड्यात लावल्यावरच माझ्या लक्षात आले की तीसपैकी निम्म्याहून अधिक पोस्टरांवर तोच निळा थेंब, तीच हिरवी पाने आणि तोच तिरपा मथळा आहे. मुलांनी तयार साचा निवडला होता, त्यातील शब्द बदलले होते आणि काम संपवले होते. त्यांची यात काही चूक नव्हती. जे काम दहा मिनिटांत सुंदर होऊन समोर येते ते कोणते मूल मोडून पुन्हा करील? तेव्हापासून माझा नियम असा आहे की पहिला तास कागद आणि पेन्सिलीचा. पोस्टरवर काय असेल, ते कोणी वाचावे असे वाटते आणि सर्वांत मोठे अक्षर कशाला द्यायचे, हे कागदावर ठरल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही, आणि हात लावल्यावरही सुरुवात कोऱ्या पानापासून करायची. यामुळे पोस्टर कमी देखणी होतात, काही तर स्पष्टच बेढब होतात, परंतु कोणते कोणाचे आहे हे नाव न वाचता ओळखता येते.

संगीताच्या बाबतीत मला असा नियम करावा लागला नाही. क्रोम म्युझिक लॅब हा गूगलचा २०१६ पासूनचा मोफत संग्रह असून त्यातील साँग मेकर हे साधन थेट ब्राउझरमध्ये, कोणतेही लॉगिन न करता उघडते. पडद्यावर चौकटी दिसतात, चौकट रंगवली की स्वर वाजतो, वर गेले की स्वर चढतो आणि उजवीकडे काळ पुढे सरकतो. ‘पाऊस ऐकवा’ असे काम दिल्यावर एका मुलीने चित्रात काढतात तशा तिरप्या रेघांनी सारी जाळी भरली, वाजवून पाहिले आणि तोंड वाकडे करून म्हणाली, "बाई, हा पाऊस नाही, हा जिना आहे." तिचे निरीक्षण अचूक होते, कारण तिरपी रेघ कानाला चढत्या किंवा उतरत्या पायऱ्यांसारखीच लागते. मग तिने रेघा पुसल्या, ठिपके विखरून टाकले, गती कमी केली, पुन्हा ऐकले, वरचे अर्धे ठिपके काढले. डोळ्यांचा पाऊस आणि कानांचा पाऊस वेगळा असतो, ही गोष्ट तिने कोणाच्याही मदतीशिवाय शोधून काढली. लहान मुलांबरोबर हे साधन वापरणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते: सेटिंगमध्ये जाऊन स्वरसप्तकाऐवजी पाच स्वरांचा पर्याय निवडावा. भूप रागात लागणारेच हे पाच स्वर असल्याने कोणत्याही चौकटी रंगवल्या तरी कानाला टोचत नाहीत आणि पहिल्याच प्रयत्नात हिरमुसण्याची वेळ मुलांवर येत नाही.

मराठीतून काम करताना एक निराळीच अडचण येते आणि ती दाखवून देण्याचे श्रेय पहिलीतून नुकत्याच दुसरीत गेलेल्या एका मुलीला आहे. ‘लाल’ हा शब्द पडद्यावर उमटल्याबरोबर तिने ‘हा ल चुकला आहे’ असे सांगितले. वर्गात आम्ही पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेतो, परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी आणि हिंदी ल यांना एकच स्थान असल्यामुळे कोणते वळण दिसेल हे फॉन्टवर अवलंबून राहते आणि कित्येक साधनांत हिंदी वळण उमटते. ज्या मुलाची अक्षरओळख अजून पक्की होत आहे त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. यावरचा माझा उपाय अगदी साधा आहे. मथळा मुलांनी कागदावर ठळक शाईने लिहायचा, त्याचे छायाचित्र काढायचे आणि तेच प्रकल्पात चिकटवायचे. यात टंकलेखनाचा वेळ वाचतो, जोडाक्षरे तुटत नाहीत आणि मुलाचे हस्ताक्षरही त्याच्या कामात राहते.

आता ‘मोफत’ या शब्दाविषयी. ज्या साधनासाठी मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा ईमेल द्यावा लागतो ते माझ्या मते मोफत नाही, आणि असे साधन मी वर्गात आणत नाही. अनेक संकेतस्थळांवर तेरा वर्षांची अट दिसते, तिच्या मागे मुख्यतः अमेरिकेचा १९९८ चा कायदा आहे, ज्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती घेण्याआधी पालकांची संमती आवश्यक ठरते. खोटी जन्मतारीख टाकून ही अट ओलांडण्याचा सल्ला मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. शिक्षकानेच मुलांसमोर असे करावे, हे मला मुळीच पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. स्क्रॅचमध्ये शिक्षकाच्या खात्यातून मुलांची खाती काढता येतात, त्यासाठी प्रत्येक मुलाचा ईमेल लागत नाही, आणि तेही नको असेल तर खाते न उघडता काम करून फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवता येते.

ही उतरवून ठेवण्याची सवय मला ठेच लागल्यानंतर जडली. मुलांनी केलेली चित्रपुस्तके एका संकेतस्थळावर वर्षभर साठवली होती. त्याने आपली मोफत योजना आखडती घेतली आणि आमची पुस्तके उघडेनाशी झाली. त्यातील एकाही पुस्तकाची प्रत माझ्यापाशी नव्हती आणि पालकांना काय सांगावे हे मला सुचेना. अशा घटना अपवादात्मक नाहीत, हे मला नंतर उमगले. ब्राउझरमध्ये खेळ आणि हलती चित्रे चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला तेव्हा त्यावर बांधलेले असंख्य शैक्षणिक खेळ एका फटक्यात निकामी झाले, आणि अनेक वर्गांत फळ्यासारखा वापरला जाणारा गूगलचा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला. म्हणून आता माझ्याकडे काम त्या दिवशीच पीडीएफ, चित्र किंवा ध्वनिफितीच्या रूपात उतरवले जाते. साँग मेकर तर स्वतःच ध्वनिफाइल देते. जे साधन काम बाहेर काढू देत नाही त्याच्याकडे मी पुन्हा फिरकत नाही, मग ते कितीही आकर्षक असो.

संगणक कमी आणि मुले जास्त, ही अडचण सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर फार लिहिण्यासारखे काही नाही. एका पडद्यापाशी दोघे बसवावेत, एकाच्या हाती माउस आणि दुसऱ्याच्या हाती कागदावरचा आराखडा द्यावा आणि दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. तिसरा बसवला की तो खिडकीबाहेर पाहतो. इंटरनेट बेभरवशाचे असेल तर २००२ पासून उपलब्ध असलेले टक्स पेंट हे मुक्त चित्रकलेचे साधन जुन्या संगणकावरही जोडणीविना चालते आणि त्यातील ब्रशच्या आवाजांनी वर्ग थोडा गोंगाटाचा होतो, एवढीच त्याची किंमत आहे.

कासवाची ती गोष्ट मी जपून ठेवली आहे. अ‍ॅपमधील प्रत्येक पानाचे छायाचित्र आणि पूर्ण गोष्टीची पडद्यावरून घेतलेली चित्रफीत, असे दोन्ही मुलाच्या हजेरी क्रमांकाच्या फोल्डरमध्ये आहे. चौथीत गेल्यावर तो मुलगा एके दिवशी मधल्या सुट्टीत आला आणि स्क्रॅचमध्ये पाने कितीही घेता येतात का, असे त्याने विचारले. हो म्हटल्यावर त्याने थोडा विचार केला आणि गोष्ट पुन्हा करायची आहे, पण पाऊस आणि वाट चुकणे एकत्रच ठेवायचे आहे, असे सांगून ती फाइल मागून घेतली.