फर्नांडोचा उलटा चेंडू

लॉस एंजलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा मेक्सिकन पिचर (चेंडू टाकणारा) फर्नांडो व्हॅलेन्झुएला 22 ऑक्टोबर 2024 ला गेला. वय फक्त 63. तीनच दिवसांनी लॉस एंजलिसमध्ये डॉजर्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, सुरू झाली. 1981 मध्ये, तो घराघरांत पोचला त्या वर्षी, वर्ल्ड सिरीजमध्ये हीच जोडी होती. डॉजर्सच्या खेळाडूंच्या गणवेशावर त्याचा 34 आकडा होता. डॉजर्सनी सिरीज पाच सामन्यांत जिंकली आणि विजययात्रा निघाली 1 नोव्हेंबरला, नेमक्या त्याच्या 64 व्या वाढदिवशी. मेक्सिकन घरांत हेच दिवस गेलेल्या माणसांचे, झेंडूच्या फुलांनी त्यांना घरी बोलावण्याचे. (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच.)

आठवणींत सगळीकडे एकच छायाचित्र फिरलं: उजवा पाय उचललेला, डोळे थेट आभाळाकडे. ते छानच आहे, पण बॅटर बाद व्हायचे ते त्या नजरेमुळे नव्हे. खरी गोष्ट डाव्या हातात होती, आणि तिचं नाव स्क्रूबॉल.

बेसबॉलमध्ये टप्पा नाही. 18.44 मीटरवरून येणारा प्रत्येक चेंडू फुलटॉसच, त्यामुळे जे वळायचं ते हवेतच वळायला हवं. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा कर्व्हबॉल उजव्या बॅटरच्या अंगाकडे, म्हणजे त्याच्या सोयीच्या बाजूला वळतो. स्क्रूबॉल त्याच्यापासून दूर पळतो आणि खालीही बसतो. जडेजाचा चेंडू टप्पा पडल्यावर ज्या दिशेला जातो तीच दिशा, फक्त जमिनीला न लागता. बॅटर पुढे येऊन फटका मारतो, चेंडू बॅटच्या टोकाला लागतो आणि इन्फिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या मैदानात, सरपटत जातो.

डाव्या हाताने स्क्रू घट्ट करून बघा. तळहात बाहेरच्या बाजूला वळतो आणि अंगठा जमिनीकडे जातो. हीच ती हालचाल, फक्त पूर्ण वेगात फिरणाऱ्या हाताने करायची. खरं तर चेंडू सुटल्यावर प्रत्येक पिचरचा हात आपोआप असाच वळतो. स्क्रूबॉलमध्ये ते वळण चेंडू सुटायच्या आधी आणावं लागतं, आणि गाडं तिथेच अडतं. वळण उशिरा आलं तर फिरकी मिळत नाही, चेंडू छातीच्या उंचीवर तरंगत राहतो आणि बॅटर तो थेट प्रेक्षकांत भिरकावतो. ते नीट जमावं म्हणून हात हळू केला, तर बॅटरला आधीच कळतं. फर्नांडोचा हात फास्टबॉलला जसा यायचा तसाच याला यायचा. वर तो हा चेंडू दोन वेगवेगळ्या गतींनी टाकायचा.

हे त्याला 1979 मध्ये डॉजर्सच्याच बॉबी कॅस्टिलो या पिचरने शिकवलं. 1980 च्या शेवटच्या आठवड्यांत तो बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर म्हणून, आला, पावणेअठरा इनिंगच्या (सामन्यात नऊ असतात) आसपास पिचिंग केलं आणि एकही अर्न्ड रन (पिचरच्या खात्यात धरली जाणारी धाव) दिला नाही. 1981 चा पहिला सामनाही ठरलेला पिचर जेरी रॉयस याला दुखापत झाली म्हणून त्याच्याकडे आला. पुढे आठ सामने, आठ विजय, त्यांतले पाच शटआउट (समोरच्याला एकही धाव नाही), 72 इनिंगमध्ये फक्त चार अर्न्ड रन. त्या वर्षी रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि साय यंग (सर्वोत्तम पिचर) हे दोन्ही पुरस्कार त्याने घेतले. एकाच वर्षात दोन्ही मिळवणारा दुसरा कोणी नाही.

हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण फर्नांडो समजून घ्यायचा तर शटआउट बाजूला ठेवून 23 ऑक्टोबर 1981 चा वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना बघावा. यांकीज 2-0 ने पुढे. फर्नांडोला त्या दिवशी काहीही जमत नव्हतं: नऊ हिट, सात वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस), तीन इनिंगनंतर 4-3 ने मागे. आजचा कुठलाही मॅनेजर त्याला तिथेच बसवेल. डॉजर्सचा मॅनेजर टॉमी लसॉर्डाने ठेवला. आठव्या इनिंगमध्ये यांकीजच्या बॉबी मर्सरचा बंट (नुसती बॅट लावून हळू ढकललेला चेंडू) उडाला, डॉजर्सच्या रॉन सेने सूर मारून झेलला आणि पहिल्या बेसवर दुसराही बाद झाला. सुमारे 147 चेंडू टाकून त्याने सामना 5-4 ने संपवला आणि डॉजर्सनी पुढचे तिन्ही जिंकले.

किंमत मोजावी लागलीच. 1982 ते 1987 दर हंगामात 250 हून अधिक इनिंग, 1986 मध्ये तर 20 सामने एकट्याने शेवटपर्यंत टाकलेले. 1988 मध्ये खांद्याने दगा दिला. दोष सरसकट स्क्रूबॉलला दिला जातो, पण माझ्या मते या इनिंगच जास्त दोषी आहेत. 29 जून 1990 ला सेंट लुईसविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला (अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही), आणि पुढच्याच वसंतात डॉजर्सनी त्याला सोडलं.

डॉजर्सचं स्टेडियम लॉस एंजलिसच्या चावेझ रवीन भागात उभं आहे. 1950 च्या दशकात तिथली मेक्सिकन-अमेरिकन घरं उठवली गेली, आणि तो राग मोठा होता. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एका खेड्यातल्या बारा भावंडांतल्या या शेंडेफळाने त्याच लोकांना गेटच्या आत आणलं.

तरी त्याचा आकडा निवृत्त करायला (म्हणजे तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही असं ठरवायला) संघाने 11 ऑगस्ट 2023 पर्यंत वेळ लावला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत, नसलेल्याला हा मान सहसा द्यायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. मधली 32 वर्षं 34 नंबरची जर्सी मात्र दुसऱ्या कुणाच्याच अंगावर चढली नाही. क्लबहाउसमध्ये गणवेश वाटणाऱ्यांनी ती कधी कुणाला दिलीच नाही.